‘येऊन राह्यला’ न म्हणणारा माणूस

देवराववर लिहायचं मी चार वर्षं टाळलं. दोनदा वही काढली, पहिलं पान त्याच्या कौतुकाने भरलं, आणि जिथे माझं स्वतःचं नाव यायला हवं होतं तिथे पेनाला टोपण लावून वही मिटली. आता देवराव नाही. गेल्या हिवाळ्यात तो आंजीला, आपल्या गावी, वारला. तेराव्याला मी गेलो होतो. पंगतीत माझ्या शेजारी एक जुना ट्रक ड्रायव्हर बसला होता. पत्रावळीवरची बुंदी बोटाने गोळा करत तो म्हणाला, ‘‘माणूस सोन्यासारखा होता, मोठेभाऊ. फक्त त्या कॉम्प्रेसरच्या वक्ताले त्याची नियत फिरली.’’

मी वरणाचा भुरका घेतला आणि गप्प बसलो. देवरावच्या अंगणात, त्याच्या घरचं अन्न खात गप्प बसलो. म्हणून आता लिहितो आहे. नियत फिरली होती ती माझी.

नालवाडीत मोठ्या रस्त्याला लागून माझं ट्रकच्या सुट्या भागांचं दुकान होतं. दुकानाच्या उजव्या अंगाला टिनाची शेड होती, तिच्यात देवराव ट्रकचे एसी दुरुस्त करायचा. आमच्याकडच्या मे महिन्यात ट्रकची केबिन म्हणजे काय चीज असते, हे बाहेरच्याला सांगून समजत नाही. खाली तापलेलं इंजिन, समोर काच, वर पत्रा. स्टिअरिंगला ओलं फडकं गुंडाळल्याशिवाय हात लावता येत नाही. एसीच्या गाड्या आल्या तेव्हा बरेच मालक म्हणाले, ड्रायव्हर लाडावतील. ड्रायव्हर काही म्हणाले नाहीत. ते फक्त वेळेवर पोचायला लागले.

देवराव मूळचा आंजीचा, शेतकऱ्याच्या घरचा. तरुणपणी नागपूरला शीतगृहात कामाला लागला, तिथे हे काम शिकला. उंच, काटकुळा, डोक्याला बारा महिने ओला शेला गुंडाळलेला. सगळ्या जिल्ह्याला गारवा देणाऱ्या या माणसाच्या शेडमध्ये साधा पंखा नव्हता. कोणी त्यावरून डिवचलं की गंभीर चेहरा करून म्हणायचा, ‘‘मले थंडं सोसत नाई बाप्पा. शिंका येतात.’’

त्याची काम संपवायची एक रीत होती. एसी सुरू झाला की ड्रायव्हरला बाजूला बसवायचा, दोन्ही काचा चढवायच्या, गाणी बंद करायची आणि हाताची पालथी बाजू जाळीसमोर धरून डोळे मिटून बसायचं. ड्रायव्हर घाईत असला तरी त्याची सुटका नसे. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मग एकदम डोळे उघडून म्हणायचा, ‘‘बोलली.’’ म्हणजे गाडी बोलली, काम झालं. कधी डोळे न उघडताच म्हणायचा, ‘‘खोटं बोलून राह्यली,’’ आणि उतरून पुन्हा पाने हातात घ्यायचा. गॅस कुठून गळतो ते शोधायला तो नळ्यांच्या जोडांवर साबणाचा फेस लावायचा आणि बुडबुडा फुटायची वाट बघत वाकून उभा राहायचा. एवढ्या उंच माणसाला तसं वाकलेलं पाहून पोरीबाळी हसत जायच्या. त्याला त्याचं काही नव्हतं.

पण देवराव ज्यामुळे ओळखला जायचा ती गोष्ट वेगळी. शेडच्या खांबाला त्याने शाळेतली पाटी टांगली होती. मधोमध उभी रेघ. डावीकडे ‘आहे’, उजवीकडे ‘नाही’. रोज सकाळी खडूने लिहायचा. गॅस, नळी, पंख्याची मोटार, कूलिंग कॉइल, जे असेल ते डाव्या बाजूला, नसेल ते उजव्या. एकदा सगळंच उजवीकडे गेलं तेव्हा डाव्या बाजूला त्याने लिहिलं, ‘माठातलं पाणी’.

या पाटीचं महत्त्व समजायचं तर आमच्या धंद्यातला एक शब्द समजून घ्यायला हवा. ‘येऊन राह्यला’. माल कुठे आहे असं गिऱ्हाइकाने विचारलं की दुकानदार म्हणतो, ‘‘येऊन राह्यला,’’ म्हणजे येतोच आहे. तो नागपुरातून निघालेला असेल, मुंबईत पडून असेल, कारखान्यात बनायचा असेल, किंवा आपण अजून मागवलेलाही नसेल. सगळं या एका शब्दात मावतं. खोटं बोलल्याचं पाप लागत नाही आणि गिऱ्हाईक दुसरीकडे जात नाही. माझं निम्मं आयुष्य या शब्दावर निघालं. देवरावने तो शब्द कधी तोंडात घेतला नाही. ‘‘आहे, नाई तर नाई,’’ तो म्हणायचा. ‘‘मधलं काई सांगू नये मोठेभाऊ. ड्रायव्हर माणूस त्या मधल्यावर भरवसा ठेवून निघून जाते.’’

माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा आठवडाभर दुकान कोणाकडे द्यावं हा प्रश्न होता. देवराव म्हणाला, मी बसतो. आपली शेड बंद ठेवून तो माझ्या गल्ल्यावर बसला. मी काळा चष्मा लावून परतलो तर दुकानात शुकशुकाट.

‘‘काय झालं देवराव? गिऱ्हाईक कुठं गेलं?’’

‘‘आले होते ना. जे होतं ते देल्लं. जे नव्हतं त्याचं सांगितलं का नाई म्हणून.’’

‘‘अन् मग?’’

‘‘अन् समोरच्याकडं आहे, तेही सांगितलं. काऊन? नव्हतं सांगायचं का?’’

माझ्या बायकोला हसू आवरेना. ती म्हणाली, ‘‘देवरावभाऊजी, आणखी आठ दिवस बसले असते तर आपल्याले आंजीलेच येऊन राहा लागलं असतं.’’ देवराव म्हणाला, ‘‘येजा ना वहिनी. जागा आहे.’’ महिनाभराने मला दिसून आलं की त्याने समोर पाठवलेली माणसं आधी माझ्याकडे येत होती. इथे जे सांगतात ते खरं असतं, असा समज आठवड्यात तयार झाला होता. तो मोडायला मला फार दिवस लागले नाहीत.

टाळेबंदी उठल्यानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात एसीचे भाग मिळेनासे झाले. कोणी सांगे जहाजं अडकली, कोणी सांगे नव्या गाड्यांच्या कारखान्यांनीच सगळा माल उचलला. नागपूरचे मोठे व्यापारी फोन उचलेनात. कॉम्प्रेसर तर औषधालाही सापडेना. कॉम्प्रेसर म्हणजे एसीचं काळीज. तो गेला की बाकी सगळं चांगलं असून उपयोग नाही. देवरावच्या पाटीची डावी बाजू कोरी पडली, पण गाड्यांची रांग वाढली, कारण जुनं तेच जगवण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. एक राजस्थानी ड्रायव्हर आला होता, मिशीला पीळ दिलेला. त्याच्या कॉम्प्रेसरचं चाक फिरवणारं बेअरिंग गेलं होतं.

‘‘मिस्त्री, पार्ट कब आएगा?’’

‘‘नई आएगा.’’

‘‘मतलब कल आएगा?’’

‘‘मतलब नईच आएगा. बैठो, पानी पिओ.’’

मग देवरावने विहिरीवरच्या मोटारीचं एक बेअरिंग शोधून काढलं, घासून मापात आणलं आणि बसवलं. दहा मिनिटं डोळे मिटून बसण्याचा कार्यक्रम झाला. गार झुळूक लागल्यावर ड्रायव्हर पाया पडायला वाकला. ‘‘आप तो भगवान हो.’’ देवराव मागे सरला. ‘‘भगवान नई, मोटारपंप है. पंधरा दिन चलेगा. सोलवे दिन गाली मत देना.’’

त्याच उन्हाळ्यात प्रभाकर आला. समुद्रपूरचा, चाळिशीतला, रुईच्या गाठी वाहणारा ट्रक चालवायचा. आदल्या वर्षी त्याला ऊन लागलं होतं, दवाखान्यात राहून निघाला होता. डॉक्टरने बजावलं होतं की पुन्हा असं झालं तर सांगता येत नाही. त्यामुळे एसीची गाडी मिळाल्यावरच तो पुन्हा स्टिअरिंगवर बसला होता. आणि आता तिचा कॉम्प्रेसर निकामी झाला होता. जुनं जगवण्यासारखं काही उरलं नव्हतं, नवाच हवा होता. प्रभाकर देवरावला म्हणाला ते मी माझ्या दारातून ऐकलं आहे.

‘‘भाऊ, मले सरळ सांगजा. नसंल मिळत तर मी मिरगापर्यंत गाडी सोडतो. जिनिंगच्या फाटकावर काम आहे, भाऊनं बोलून ठेवलं. पण मिळत असंल तर दोन-चार दिवस रेटतो. सकाळ-सकाळच्या खेपा करतो.’’

देवराव म्हणाला, ‘‘उद्या सांगतो. आहे का नाई, ते उद्या.’’ आणि तो माझ्याकडे आला.

माझ्याकडे तेव्हा नव्हता. पण त्याच संध्याकाळी अकोल्याच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याने एक कॉम्प्रेसर पाठवायचं कबूल केलं, आणि मी देवरावला तसं सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच कॉम्प्रेसर आला, आणि मी माझ्या सवयीप्रमाणे पिवळ्या रंगाने त्याच्या अंगावर एक अक्षर घातलं: ‘दे’. देवरावसाठी राखलेल्या मालावर मी ‘दे’ लिहायचो. ही खूण त्याला आणि मला, दोघांनाच ठाऊक होती.

त्याच सकाळी एका मोठ्या ट्रान्सपोर्टच्या मालकाचा माणूस दुकानात आला. जिल्ह्यात त्यांच्या गाड्यांइतक्या गाड्या कोणाच्या नाहीत. टायरपासून बल्बपर्यंत सगळं ते माझ्याकडून न्यायचे. मालकाचा जावई गाडीतून कुठेतरी जाणार होता म्हणे, ट्रकमधून, हौस म्हणून, आणि त्याच गाडीचा एसी बंद. माणसाने कोपऱ्यातलं खोकं पाहिलं. ‘‘हा कोणाचा?’’ मी म्हणालो, दुसऱ्याला बोललेला आहे. तो हसला. ‘‘आमच्याहून मोठा कोण आहे काका?’’ एवढंच म्हणाला. दमदाटी नाही, जोर नाही. मी नाही म्हटलं असतं तर काय झालं असतं याचा विचार मी चार वर्षं केला आहे. फार काही झालं नसतं. मी खोकं त्याच्याकडे सरकवलं.

दुपारी देवराव आला. ‘‘मोठेभाऊ, आला का?’’

तेव्हाही खरं सांगता आलं असतं. प्रभाकर जिनिंगच्या फाटकावर गेला असता, संपलं असतं. पण गेला म्हणून सांगायचं तर कोणाकडे गेला हे सांगावं लागलं असतं, आणि या माणसापुढे मला लहान व्हायचं नव्हतं.

‘‘येऊन राह्यला,’’ मी म्हणालो.

देवराव माझ्याकडे बघत राहिला. ‘‘तसं नाई मोठेभाऊ. आहे का नाई?’’

‘‘अरे आहे. अकोल्याहून निघाला. परवा तुह्या हातात.’’

‘‘तुमी पाह्यला?’’

‘‘पावती पाह्यली,’’ मी म्हणालो.

त्याने माझ्यासमोर प्रभाकरला फोन लावला. तोंडात खडा धरून बोलावं तसा तो अडखळत बोलला. ‘‘प्रभाकर, येऊन राह्यला. मोठेभाऊंनं... नाई, माह्यावर ठेव. परवा लावून देतो. तोवर दुपारचं चालवू नको.’’ माझं नाव अर्धं बाहेर आलं होतं, ते त्याने मागे घेतलं. का, ते तेव्हा मला कळलं नाही. फोन ठेवून तो हसला. ‘‘पहिल्यांदा म्हटला तो शब्द. तुमच्या भरवशावर.’’

परवाचा दिवस आला आणि गेला. मी आणखी एकदा तेच म्हणालो, आणखी एकदा. प्रभाकर रेटत राहिला. सकाळच्या खेपा माल भरायला उशीर झाला की दुपारच्या व्हायच्या.

सहाव्या दिवशी त्या ट्रान्सपोर्टच्या मालकाची गाडी देवरावच्या शेडपुढे उभी राहिली. कॉम्प्रेसर त्यांच्या मिस्त्रीने बसवला होता, पण आधी नळ्यांतली हवा ओढून मग गॅस भरायचं यंत्र आमच्या भागात एकट्या देवरावकडे होतं. तो बॉनेटखाली वाकला. मी दुकानातून बघत होतो. साबणाच्या फेसाचा बुडबुडा शोधायला वाकावं तसा तो बराच वेळ वाकून राहिला. मग त्याने काम पूर्ण केलं, गॅस भरला, गाडी जाऊ दिली. त्या दिवशी तो काचा चढवून बसला नाही.

शेल्याला हात पुसत तो माझ्या दुकानाच्या पायरीवर आला. आत आला नाही.

‘‘मोठेभाऊ, माल कुठवर आला?’’

त्याने ‘दे’ पाहिलं होतं. त्याने पाहिलं हे मी पाहिलं होतं. तरी माझ्या तोंडातून तोच शब्द निघाला.

‘‘बरं,’’ देवराव म्हणाला. पायरीवर उभ्याउभ्याच त्याने प्रभाकरला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा कोणीतरी उचलला, पण तो प्रभाकर नव्हता. रस्त्यावरचा एक अनोळखी माणूस बोलत होता. गाडी समुद्रपूरच्या अलीकडे कडुनिंबाखाली उभी होती आणि ड्रायव्हर स्टिअरिंगवर पडलेला होता.

प्रभाकर वाचला. पण त्याची जीभ जड झाली आणि उजव्या हाताला कंप सुटला. पुन्हा ट्रक चालवता आला नाही. आज तो जिनिंगच्या त्याच फाटकावर बसतो, आणि गाड्यांचे नंबर डाव्या हाताने लिहितो.

दहा-बारा दिवसांनी त्याचा मोठा भाऊ नालवाडीत आला. सोबत गावचे पाच-सहा जण. शेडपुढे गर्दी जमली. मीही जाऊन उभा राहिलो, हातात चहाचा ग्लास होता.

‘‘तू सांगितलं होतं ना त्याले, येऊन राह्यला म्हणून?’’

‘‘हो. मी सांगितलं,’’ देवराव म्हणाला.

‘‘अन् तो कॉम्प्रेसर त्या शेठच्या गाडीत कसा गेला? तिथल्या ड्रायव्हरनं सोताच्या डोळ्यानं पाह्यलं. पिवळ्या रंगानं ‘दे’ लिहिलं आहे त्याच्यावर. ‘दे’ म्हणजे कोण? दुसरा कोणी देवराव आहे का इथं?’’

गर्दीत कोणी तरी म्हणालं, ‘‘लपवून ठेवला होता अन् मोठा मासा भेटल्यावर विकला.’’

माझं अक्षर त्याच्या गळ्यात अडकवलं होतं आणि मी चार पावलांवर उभा होतो. देवरावने माझ्याकडे पाहावं असं मला वाटत होतं आणि पाहू नये असंही. त्याने पाहिलं नाही. प्रभाकरच्या भावाकडे बघूनच म्हणाला, ‘‘भाऊ, शब्द माह्या तोंडून गेला. दुसऱ्या कोणाचं काय सांगू तुले? माह्या तोंडून गेला म्हणजे तो माह्याच.’’

कोणी हात उचलला नाही. ते गेले. त्या दिवसापासून नालवाडीत गोष्ट ठरून गेली, आणि आजही ती तशीच सांगतात. गाड्या कमी झाल्या. जे यायचे ते पाटीकडे बघून हसायचे. एकाने उजव्या बाजूला खडूने ‘इमान’ असं लिहून ठेवलं. देवरावने ते पुसलं नाही. दिवाळीआधी त्याने शेड रिकामी केली. गॅसचं यंत्र एका मिस्त्रीला दिलं आणि आंजीला निघून गेला. जाताना माझ्या दुकानात आला, माझे दोन पाने त्याच्याकडे होते ते काउंटरवर ठेवले, आणि म्हणाला, ‘‘डोळ्याले जपा.’’

म्हणून इथे स्पष्ट लिहितो. कॉम्प्रेसर माझ्या दुकानात आला होता. मी तो दुसऱ्याला दिला. ‘दे’ हे अक्षर माझ्या हातचं आहे. देवरावने कोणाला काही विकलं नाही. हा मजकूर मी समुद्रपूरला प्रभाकरच्या भावाला वाचून दाखवला. ऐकून झाल्यावर तो म्हणाला, ‘‘आता काऊन सांगता?’’ मी वही पिशवीत घातली. त्याने मला चहा विचारला नाही, आणि ते बरोबर होतं.

देवरावला शेवटचं पाहिलं ते तो जाण्याच्या वर्षभर आधी. मी ठरवून आंजीला गेलो होतो. एसटीत बसल्यापासून काय बोलायचं ते मनात घोकत होतो. तो अंगणात बाजेवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होता. डोक्याला शेला नव्हता. केस पार पांढरे झालेले मी पहिल्यांदा पाहिले. ‘‘या मोठेभाऊ,’’ म्हणाला आणि बाजेवर सरकला. त्याच्या बायकोने शेंगांचं सूप माझ्यापुढेही ठेवलं. मग आम्ही दोघं सोलत बसलो. त्याने माझ्या डोळ्याचं विचारलं, बायकोच्या गुडघ्याचं विचारलं. समोरच्या दुकानाचं विचारलं. प्रभाकरचं मी विचारलं नाही, देवरावनेच सांगितलं की आपण महिन्या-दोन महिन्यांनी त्याला भेटायला जातो, फाटकावर थोडा वेळ बसतो. ‘‘त्याचा भाऊ बोलत नाई. प्रभाकर बोलते. जीभ अडते, पण बोलते.’’

सूप रिकामं झालं. बोलायला आता दुसरं काही उरलं नव्हतं. देवरावने हात झटकले आणि माझ्याकडे पाहिलं, सरळ, पहिल्यांदाच त्या दिवसानंतर.

‘‘बोला मोठेभाऊ. काई काम होतं?’’

तो थांबला होता. घाई नव्हती त्याला. आत भांड्यांचा आवाज थांबला, म्हणजे त्याची बायकोही ऐकत होती.

‘‘काही नाही,’’ मी म्हणालो. ‘‘सहज आलो होतो.’’

‘‘बरं,’’ तो म्हणाला.

फाट्यापर्यंत तो सोडायला आला. सोललेल्या तुरीची पिशवी माझ्या हातात दिली. एसटी आली. मला चढताना दांडा सापडेना, तर त्याने माझा हात धरून दांड्यावर ठेवला. मी खिडकीशी बसलो. तो खाली उभा होता, उन्हासाठी कपाळावर हात धरून. गाडी सुरू झाली तेव्हा मी खिडकीची काच सरकवली आणि तोंड उघडलं. ‘देवराव, माल माझ्याकडे होता. मी खोटं बोललो. मला माफ कर.’ एवढंच म्हणायचं होतं. इंजिनचा आवाज मोठा होता, त्याला ऐकू गेलं नसतं. पण मी तेवढंही बोललो नाही.